लग्नाच्या बाजारात शेतीचा भाव

(रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या एका किनारपट्टीच्या गावी भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील दुसऱ्या दिवसाचे भाषण. कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातील जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापले आहे.)



दोन दिवस झाले, आपण समुद्राच्या काठी मुक्कामाला आहोत. यवतमाळ, परभणी, बीड, जळगाव अशा लांबलांबच्या जिल्ह्यांतून माणसे आली आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. काल एक भाऊ पाण्यात पाय घालून उभा होता. म्हणाला, "एवढं पानी, अन् माह्या पऱ्हाटीले एक ओलीत भेटत नाही."

शिबिराचे विषय ठरलेले आहेत. कापसाचा भाव, पीक विमा, वीजबिल. दिवसा आपण त्यांवर बोलतो. पण रात्री शाळेच्या व्हरांड्यात अंथरुणे पडली, दिवे मालवले, की विषय बदलतो. "तुमच्या थोरल्याचं जमलं का हो?" "कुठलं जमतंय! तीन वर्षं झाली फिरतोय." "वय?" "चौतीस." मग सगळे गप्प. आम्ही दोन्ही रात्री त्या व्हरांड्यात होतो. आज भावावर बोलायचे ठरले होते, ते उद्यावर टाकले आहे. आज बोलायचे ते एवढेच, की आयुष्याचा जोडीदार निवडताना माणसे काय पाहतात, आणि त्या पाहण्यात शेतकऱ्याचा नंबर कितवा लागतो?

हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, चळवळीत कशाला, असे काहींना वाटेल. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेचे रमेश बारसकर यांच्या पुढाकाराने लग्न न जमलेल्या तरुणांनी मोर्चा काढला. मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून पोरे जिल्हाधिकारी कचेरीवर गेली. पेपरांत फोटो आले, लोक हसले. दोन महिन्यांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत, कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातून शेतकऱ्यांची अविवाहित पोरे लग्न जमावे म्हणून महादेश्वराच्या डोंगराला पायी गेली. तेव्हाही लोक हसले. ज्या प्रश्नासाठी जवान पोरे वरातीचा वेष करून कचेरीवर जातात, तो प्रश्न घरगुती राहिलेला नाही.

सोलापूरच्या मोर्चाची एक मागणी होती, की गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. मागणी बरोबरच होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ ला ८०७. या मुली कुठे गेल्या ते आपल्याला ठाऊक आहे. डॉक्टरने पैसे घेतले, पण पैसे आपणच दिले.

पण टंचाई सगळ्यांना सारखी लागत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा सर्वांत आधी हलक्या रानातले पीक माना टाकते, काळ्या भारी जमिनीतले आठ दिवस जास्त तग धरते. मुलींची टंचाई झाली तेव्हाही तसेच झाले. नोकरीवाल्याचे जमले, बागायतदाराचे जमले. मागे राहिले ते कोरडवाहूचे पोर. म्हणून मुली कमी झाल्या एवढ्यावर थांबून चालणार नाही. ज्या आहेत त्या आपल्याला 'नाही' का म्हणतात, हेही विचारावे लागेल.

दर पिढीला नवे माप

हा विषय समजून घ्यायला हा किनारा चांगला आहे. स्थळ पाहताना काय पाहायचे, याचे माप इथे तीन पिढ्यांत तीनदा बदलले.

आपण येताना खारेपाटातून आलो. समुद्राचे पाणी अडवायला बांध घालून ही भातजमीन राखलेली आहे. बांध फुटला की खारे पाणी शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. अशा मुलखात जुनी माणसे स्थळ पाहायला गेली की खाचरे किती आणि बांध धड आहे का हे पाहायची. मुलीच्या बाजूने पाहिले जायचे ते तिचे हात. लावणीला वाकेल का, मासळी विकेल का. इथल्या आगरी आणि कोळी समाजांत पूर्वी देज द्यायची रीत होती. देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनाही द्याज हा शब्द आठवत असेल. कामाचा एक माणूस त्या घरातून या घरात येतो, त्याची भरपाई, असा तो व्यवहार. त्यात बाईच्या कामाला किंमत होती. तिच्या मताला नव्हती. ती रीत आज कोणी परत आणा म्हणणार नाही. पण ध्यानात घ्या, की ज्या काळी बाईच्या कामावर घर चालते हे सगळे उघडपणे मानत, त्या काळी पैसा मुलाकडून मुलीकडे जात होता. पुढे मुलाला पगार मिळू लागला आणि पैशाची दिशा फिरली. हुंड्याला १९६१ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी मानपान थांबला नाही.

दुसरे माप मुंबईचे. मुलगा गिरणीत 'कायम' आहे, या एका शब्दावर कोकणात आणि घाटावर हजारो सोयरिकी झाल्या. जमीन असो नसो, रूप असो नसो. कायम म्हणजे कायम. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या परत उभ्या राहिल्याच नाहीत. 'कायम' पाहून दिलेल्या पोरी नवऱ्याबरोबर गावी परतल्या आणि लावणीला वाकल्या. ज्या घरांत नवरा-बायकोचे एकमेकांशी बोलणे होते ती घरे त्यातूनही सावरली. जिथे फक्त पगार पाहून जोड लागली होती, तिथे पगाराबरोबर जोडही सुटली.

तिसरे माप कंपनीचे आणि जागेचे. १९८५ च्या सुमारास इथून जवळच थळला खत कारखाना सुरू झाला. तुमच्या-आमच्या शेतात पडतो तो युरिया तिथे बनतो. १९८९ मध्ये उरणला न्हावाशेवा बंदर सुरू झाले. मुलगा कंपनीत आहे का, बंदरात आहे का, असे विचारले जाऊ लागले. आता अलिबागच्या आसपास मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले झाले. मांडव्याला मोटारी वाहणारी बोट २०२० मध्ये आली, उरणच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये सागरी पूल खुला झाला. आता इथेही सातबारा विचारतात, पण भात किती होते म्हणून नव्हे. रस्त्यापासून किती लांब आहे म्हणून!

आपल्याकडचे माप आठवा. आमचे आजोबा सांगायचे, की सोयरे आले की आधी पेव किती ज्वारीचे आहे ते विचारायचे, मग बैलजोडी पाहायचे, मग विहिरीत डोकावायचे. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हण तेव्हाची. आज ती उलटी वाचावी लागते. आणि आज तर आणखी एक गंमत आहे. मुलगा नोकरीवाला हवा, शेती करणारा नको, पण घरची शेती मात्र पाहिजे. शेत हवे, शेतकरी नको.

पोरीच्या आईबापाचा हिशेब

आता एक प्रश्न विचारतो. ज्यांच्या मुलींची लग्ने गेल्या दहा वर्षांत झाली, त्यांनी हात वर करा. (सुमारे चाळीस हात वर झाले.) ज्यांनी आपली मुलगी पूर्णवेळ शेती करणाऱ्याला दिली, त्यांनीच हात वर ठेवा.

(तीन हात राहिले.)

हे तीन सोडून बाकीच्यांना आम्ही दोष देत नाही. पण मग दुसऱ्याच्या पोरीने आपल्या पोराला नाही म्हटले, की "आजकालच्या पोरी शेफारल्या, त्यांना मोबाइल पाहिजे, ड्रेस पाहिजे" असे बोलू नका. शेतकऱ्याला मुलगी देत नाही तो शेतकरीच आहे. तो मूर्ख नाही. त्याला हिशेब येतो.

तो हिशेब असा. पाच एकर कोरडवाहू. बऱ्या वर्षी एकरी पाच क्विंटल कापूस धरा, म्हणजे पंचवीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. तो पुरा हातात पडला असे धरा. कधी पडतो ते तुम्हाला माहीत आहे, तरी धरा. झाले २ लाख २ हजार ७५० रुपये. नांगरट, बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी मिळून एकरी पंचवीस हजार खर्च धरला, तर सव्वा लाख गेले. उरले ७७ हजार ७५०. महिन्याला साडेसहा हजारही नाहीत. हा आमचा मोघम हिशेब झाला, ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावे. सरकारचा हिशेब फार वेगळा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१८-१९ या वर्षासाठी देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यातले पिकातून ३,७९८, आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, तो पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतो. मुलीच्या आईबापाने ही पाहणी वाचलेली नाही, पण निकाल तोच काढला आहे. मुलीचा नकार हा शेतमालाच्या भावावर दिलेला शेरा आहे.

पण थांबा. नकाराचे हे अर्धेच कारण झाले. उरलेले अर्धे काल दुपारी एका ताईंनी सांगितले. कापूस वेचून त्यांच्या बोटांची कातडी फाटलेली आहे. त्या म्हणाल्या, "पोरगी मला म्हणाली, आई, मला शेतकऱ्याचं वावडं नाही. तुझ्यासारखं जगणं नको." सभेत कोणी काही बोलले नाही. ती पोरगी पंधरा वर्षे आईकडे पाहत होती. आई पहाटे उठते, स्वयंपाक करून रानात जाते, निंदते, वेचते, संध्याकाळी सरपण घेऊन येते. कापसाची गाडी बाजारात जाते तेव्हा आई घरी असते. पट्टी बापाच्या खिशात येते. उधारी किती हे आईला सावकार दारात आला की कळते. कृषी मूल्य आयोग हमीभाव काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी खर्चात धरतो. म्हणजे दिल्लीतल्या कागदावर त्या माउलीची मजुरी लिहिलेली आहे. घरच्या वहीत नाही.

पहिले कारण भावाचे. त्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरत राहू. दुसरे कारण घरातले. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही.

मासळीच्या पाटीवरचे तीन प्रश्न

काल पहाटे आपल्यातले काहीजण मासळीचा लिलाव पाहायला गेले होते. तिथे एक कोळीण मावशी पाटी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मुलीचे लग्न यंदा झालेले. आपल्या एका भावाने विचारले, "मावशी, जावई निवडताना काय पाहिलं?" त्यांनी बोटे मोडून सांगितले.

पहिले, दर्यावरून आला की पैसा कोणाच्या हातात देतो. दुसरे, बोटीवर कर्ज किती आहे आणि ते त्याच्या आईला माहीत आहे का. तिसरे, बंदीच्या दोन महिन्यांत काय करतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत तो जाळी दुरुस्त करतो, की पत्ते पिसत आणि पीत बसतो? आणि रूप? मावशी हसल्या. म्हणाल्या, "खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षांत सगळेच सारखे दिसतात."

मंडळी, कृषी महाविद्यालयात आम्ही चार वर्षे काढली, पण इतका नेमका जमाखर्च कुणी शिकवला नाही. मावशी असे विचारू शकतात, कारण कोळीवाड्यात मासे धरणे पुरुषाचे आणि विकणे बाईचे. रोकड आधी तिच्या हातात पडते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा वेणीसारख्या विणून रस्त्याकडेला विकायला बसतात, त्यांतही बायका पुष्कळ आहेत. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आगरी-कोळ्यांच्या जुन्या रीतीत लग्न लावायला धवलारीण असे, म्हणजे धवळे गाऊन विधी करणारी बाई. लग्न लावणारीही बाईच.

यावरून इथे सगळे गोड चालले आहे असे समजू नका. दारू इथेही आहे, मार इथेही आहे. हळदीच्या रात्रीचा खर्च लग्नाहून मोठा होतो आणि तो फेडता फेडता घरे वाकतात, हे इथल्याच लोकांनी आपल्याला सांगितले. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या बाईच्या हातात पैसा आहे ती जावयाला पगार विचारत नाही, वागणूक विचारते. तिला पगाराची भीती कमी.

हे जगातही दिसले आहे. डेव्हिड बस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये एक पाहणी छापली. ३३ देश, ३७ समाज, १०,०४७ माणसे. भारतही त्यात होता. जोडीदारात काय हवे, असा प्रश्न. देशादेशांत पुष्कळ फरक निघाला. बायकांनी कमाईला पुरुषांपेक्षा जास्त वजन दिले, पुरुषांनी रूपाला आणि कमी वयाला. पण सगळ्यांची यादी एकत्र मांडली तेव्हा दोघांच्याही यादीत सर्वांत वर एकमेकांची ओढ, भरवशाचा स्वभाव आणि डोके शांत असणे या गोष्टी आल्या. पैसा आणि रूप त्यांच्या खाली. पुढे १९९९ मध्ये अॅलिस ईगली आणि वेंडी वुड या दोन संशोधक बायकांनी तेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. ज्या देशांत बायकांच्या हाती सत्ता आणि पैसा जास्त, तिथे त्या नवऱ्याच्या कमाईला कमी वजन देतात, असे त्यांना दिसले. यावर विद्वानांत अजून वाद आहे. वाद चालू द्या. लिलावातल्या मावशींनी आपल्याला तेच सांगितले.

सहा वर्षे नांगर न धरता

उद्या सकाळी आपण चरीला जाणार आहोत. तिथे जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांच्या विरुद्ध पंचवीस गावांतल्या कुळांनी शेती न करण्याचे ठरवले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे! आपण एक हंगाम पेरले नाही तर काय होईल याचा विचार करा. या लोकांनी मजुरी, लाकूडफाटा, खाडीतली मासळी यांवर दिवस काढले. पुढाऱ्यांची नावे इतिहासात आहेत, असलीच पाहिजेत. पण रोज संध्याकाळी चूल पेटवायची कशी, हा प्रश्न पंचवीस गावांत कोणी सोडवला? संप टिकला तो त्या घरांत दोघांचा एक विचार होता म्हणून.

कोरडवाहू शेती हा असाच लांबलेला संप आहे. पाऊस संपावर जातो, भाव संपावर जातो. अशा घरात कसा माणूस हवा? गोरा-काळा, पाच फूट दोन इंच, 'अपेक्षा: अनुरूप' या बायोडाट्यातल्या गोष्टी पहिल्या दुष्काळात वाहून जातात. त्यातून जे उरते तेच आधी पाहिले पाहिजे.

हे आम्ही स्वतःची चूक करून शिकलो. आमचे लग्न ठरले तेव्हा आम्ही पगारी नोकर होतो. स्थळे आली ती पदवीला नव्हे, पगाराला. २०१६ मध्ये नोकरी सोडून चळवळीत आलो आणि गावची शेती हातात घेतली. घरातून एकच अट आली. नोकरी सोडा, पण हिशेबाची वही माझ्यासमोर उघडी राहील. दुसऱ्याच वर्षी आम्ही ती अट मोडली. २०१७, गुलाबी बोंडअळीचे साल. औषधांची आणि खताची उधारी साठ हजारांवर गेली. घरी सांगितले वीस. दिवाळीनंतर दुकानदाराचा माणूस दारात आला आणि खरे काय ते कळले. भांडण झाले, पण उधारीवर नाही. "साठ असते तरी दोघांनी मिळून फेडले असते. वीस का सांगितले?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. शेतकऱ्यांना जमाखर्च शिकवत फिरणारे आम्ही!

खोटी सोयरीक करू नका

लग्न जमत नाही म्हणून आता काही घरे खोटे बोलू लागली आहेत. आमच्या ओळखीच्या एका गावात मुलगा शेती करतो, पण मुलीकडच्यांना सांगितले की पुण्यात कंपनीत आहे. भाड्याची खोली दाखवली, कुणा मित्राचे ओळखपत्र गळ्यात घातले. लग्न झाले. तिसऱ्या महिन्यात खोलीचे भाडे थांबले आणि मुलीला गावी आणले. ती चौथ्या महिन्यात माहेरी गेली, परत आली नाही. गावाने मुलीला नावे ठेवली. तिने सोडले ते शेतीला नव्हे. मुलगा कष्टाळू होता. खरे सांगून गेला असता तर कदाचित जमले नसते, कदाचित जमलेही असते. खोटे सांगितल्यावर मात्र ते टिकणारच नव्हते.

दुसरीकडे दलाल फिरत आहेत. लाख-दोन लाख घेऊन लांबची मुलगी आणून देतात. कधी ती आठ दिवसांत दागिने घेऊन निघून जाते, कधी ती बिचारी स्वतःच फसवलेली, विकलेली असते. पैसे देऊन माणूस आणायचा हा धंदा शेतकऱ्याच्या घरात नको. मुलगी म्हणजे रेशनचे धान्य नव्हे, की टंचाई झाली म्हणून कोट्याने वाटप करा. आणि मुली कमी म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या पोरींचे हात पिवळे करणे हे तर पाप आहेच, गुन्हाही आहे.

मग करायचे काय?

भावाची लढाई चालू राहील. ती जिंकल्याशिवाय हा प्रश्न पुरा सुटणार नाही, हे कुणी विसरू नये. पण तोवर पोरांनी मुंडावळ्या बांधून वाट पाहायची का? आम्ही तुमच्यापुढे चार गोष्टी ठेवतो. जिल्हा बैठकीत यांवर बोला, पटल्या तर ठराव करा.

पहिली. स्थळ पाहायला जाताना बायोडाट्याबरोबर जमाखर्चाचा एक कागद न्या. जमीन किती, कोणाच्या नावावर, पिके कोणती, बँकेचे कर्ज किती, खाजगी देणे किती, दारू आहे की नाही. सगळे खरे. जी मुलगी हा कागद वाचून हो म्हणेल, ती डोळे उघडे ठेवून आलेली असेल.

दुसरी. मुलीला विचारू द्या, आणि मुलाला एकटे बसून उत्तर देऊ द्या. २०११-१२ च्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत, नवरा निवडण्याचा निर्णय सर्वस्वी आपला होता असे सांगणाऱ्या बायका शंभरात पाचच्या आसपास निघाल्या. हा तर निवडणुकीत मतदानच नसल्यासारखा प्रकार झाला. महात्मा फुल्यांनी १८७३ पासून सत्यशोधक लग्ने लावली. त्यांनी रचलेल्या विधीत वधू वराकडून आपल्या हक्कांचे वचन मागते आणि वर ते सगळ्यांसमोर देतो. दीडशे वर्षे झाली. आपण अजून मुलीला फक्त पोह्यांची बशी घेऊन बाहेर बोलावतो.

तिसरी. सातबाऱ्यावर बायकोचे नाव. नव्वदच्या दशकात लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ पासून पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. नाव नसेल आणि उद्या काही बरेवाईट झाले, तर त्या बाईला पीककर्जापासून नुकसानभरपाईपर्यंत प्रत्येक खिडकीवर आपण कोण ते सिद्ध करत बसावे लागते. अशी घरे आपल्या पट्ट्यात किती आहेत ते सांगायची गरज नाही. ज्या मुलाच्या बापाने मुलाच्या आईचे नाव सातबाऱ्यावर लावले आहे, त्याच्या घरी मुलगी द्यायला आम्ही स्वतः मध्यस्थी करू.

चौथी, कोळीण मावशींचा तिसरा प्रश्न. त्यांच्या पोरांना बंदी दोन महिन्यांची. कापूस निघाल्यापासून मृगापर्यंत आपली तीन-चार महिन्यांची असते. त्या दिवसांत पोरगा काय करतो? शेळ्या बघतो, डाळमिल चालवतो, गवंड्याच्या हाताखाली जातो, की पारावर बसून मोबाइलवर बोटे फिरवतो? मुलीकडचे लोक गावात शिरताना आधी पारच पाहतात.

आणि मुलीच्या आईबापांना एक विनंती. नोकरी पाहा, जरूर पाहा. पण गिरणीतला 'कायम' विसरू नका. कंत्राटावरच्या पगारापेक्षा आईला बाजाराचा हिशेब खरा सांगणारा पोरगा दुष्काळात जास्त उपयोगी पडतो.

मघाशी तीन हात वर राहिले. त्यांतल्या एका भावाला आम्ही चहाच्या वेळी विचारले, तुमची मुलगी शेतकऱ्याच्या घरी कशी आहे? ते म्हणाले, "कापसाची पट्टी तीच आणते." एवढेच म्हणाले.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात हाच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. हात मोजून ठेवले आहेत.